दारातच उभी करीन

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज गुडरूनला पुरलं. म्हणजे तिची रक्षा. जंगलातल्या दफनभूमीत एका झाडाखाली हातभर खड्डा आणि त्यात कलश. सेंट बर्नार्ड कुत्रा एकटीने उचलून तपासायच्या टेबलावर ठेवणारी जनावरांची डॉक्टर, आणि शेवटी उरली ती लोणच्याच्या बरणीएवढी.

माणसं खूप आली होती. जर्मनीतल्या या आमच्या बॉबलिंगेनमध्ये कुत्रं-मांजर असलेलं एकही घर तिने सोडलं नसणार. बरेच जण कुत्री घेऊन आले होते. एकही भुंकलं नाही. सगळे डोळे पुसत होते, मी पुसले नाहीत. मला राग आलाय, आणि हे लिहितानाही तो तसाच आहे.

कारण तिथल्या प्रत्येकाला आधीपासून माहीत होतं. उन्हाळ्यापासून. पोटाचा कॅन्सर. बेकरीतल्या बाईला माहीत होतं, पोस्टमनला माहीत होतं. तिची असिस्टंट इर्मगार्ड तर रोज तिच्याजवळ जात होती. आणि दर गुरुवारी चार वाजता माझ्या स्वयंपाकघरात बसून थालीपीठ खाणाऱ्या बाईने मला काय सांगावं? प्रॅक्टिस नव्या डॉक्टरला दिली, आता दोन-तीन महिने समुद्रावर जाते, हवा खाते. मी म्हटलं, जा बाई, जन्मात एकदा तरी सुट्टी घे. समुद्र कसला आलाय, इथून अर्ध्या तासावरच्या हॉस्पिसात होती, शेवटचे दिवस मोजत.

घरी येताना श्रीपाद गाडीत म्हणाला, "तुला वाईट वाटू नये म्हणून नसेल सांगितलं." मी म्हटलं, मग आता काय बरं वाटतंय का मला? तो गप्प बसला. सदतीस वर्षांच्या संसारात कुठे गप्प बसायचं एवढं तो शिकलाय.

खरी गोष्ट अजून लिहिलीच नाही. ती लिहायला हात वळत नाही. उद्या बघू.

८ फेब्रुवारी, शनिवार

लिहूनच टाकते. जानेवारीभर गुडरूनचं उत्तर नव्हतं. मी मेसेज टाकतेय, फोटो टाकतेय, मामलेदाराने सोफ्याचा कोपरा खाल्ला त्याचा व्हिडिओ टाकतेय, आणि पलीकडे चिडीचूप. मामलेदार म्हणजे आमचा आखूड पायांचा कुत्रा. चौदा वर्षांपूर्वी कुणीतरी मोडक्या पायासकट तिच्या दवाखान्याच्या पायरीवर सोडून गेलं होतं. तिने पाय जोडला आणि कुत्रा माझ्या गळ्यात मारला. घरात पाऊल टाकल्याबरोबर तो तपासणीला आल्यासारखा एकेका खोलीत जाऊन आला, म्हणून मामलेदार. तर तो व्हिडिओसुद्धा तिने बघितला नाही म्हटल्यावर माझं डोकं फिरलं, आणि तेवीस जानेवारीला, गुरुवारीच, मी व्हॉइस मेसेज ठोकला. मराठीत. जर्मनमध्ये मला नीट रागावता येत नाही, क्रियापद शेवटी येईपर्यंत राग निवतो.

म्हटलं, "हे काय चालवलंयस गुडरून? माणसाने एक ओळ लिहू नये? इथे भाजणी संपत आली, मी तुझ्यासाठी म्हणून ठेवलीय, त्या मामलेदाराला चारू का सगळी? खा, समुद्राची हवा खा पोटभर. आता परत ये तर खरी, दारातच उभी करीन. आत घ्यायची नाही."

रविवारी ती गेली.

तिला मराठी येत नव्हतं. पण अगदीच काही येत नव्हतं असंही नाही. दारात आली की "आत येऊ?" असं विचारायची, मीच शिकवलं होतं. म्हणजे 'आत' तिला कळत होतं. 'दार' कळत होतं. माझा आवाज तर कुणालाही कळेल.

मेसेजच्या शेजारचा माइक निळा झालाय. कुणीतरी तो ऐकलाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीला, निधीला फोन केला. ती ड्युसेलडॉर्फला असते. मी मराठीत विचारायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, ही आमची तिच्या किंडरगार्टनपासूनची पद्धत. मेसेज कधी ऐकला ते बघता येतं का, विचारलं. येतं म्हणे. मेसेजवर बोट दाबून धरायचं, मग 'इन्फो'. पंचवीस जानेवारी, शनिवार, दुपार.

म्हणजे ती होती. जिवंत होती.

"वारूम, मामा?" म्हणजे का गं आई, असं निधीने विचारलं. मी म्हटलं, सहज. ती म्हणाली की या आठवड्यात ती रोज फोन करेल. कशाला, ते काही बोलली नाही.

इर्मगार्डला विचारलं तर कळेल. फोन तिच्याच हातात असणार. पण विचारायचं कसं? आणि ती हो म्हणाली तर? "हो फ्राउ परचुरे, ऐकलं तिने, आणि भिंतीकडे तोंड केलं." असं म्हणाली तर मी काय करू, कुठे जाऊ?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. चहा टाकला होता. मामलेदार हल्ली दिवसभर पडून असतो. तो एकदम उठला, लटपटत पॅसेजमध्ये गेला आणि दाराकडे तोंड करून बसला. घड्याळात चार.

मग बाहेर पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला.

गुडरून अशीच घासायची. बाहेर कोरडं ठणठणीत असलं तरी. तरुणपणी गोठे फिरली होती, ती सवय. घासत राहायची, घासत राहायची, मी आतून ओरडायची की आता ते पायपुसणं फाटेल. आजही तोंडातून तेच निघणार होतं. तेवढ्यात आठवलं.

दार उघडलं. कुणी नाही. जिन्यावर कुणी नाही. जिन्यात तिच्या हातांना यायचा तो वास, औषधी साबणाचा.

श्रीपाद संध्याकाळी म्हणाला, खालच्या शॉयफेलेंकडे कुणी आलं असेल. असेल. पण मामलेदार शॉयफेलेंसाठी कधी शेपूटसुद्धा हलवत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा चार वाजता. आज आवाज नाही. दाराखाली जी उजेडाची फट असते, तिथे दोन जागी काळं होतं. पावलांएवढं. शेजारी शेजारी.

मी उघडलं नाही. भिंतीला टेकून उभी राहिले आणि मामलेदाराकडे बघत राहिले. तो दाराखालच्या फटीकडे बघत होता आणि शेपूट फरशीवर आपटत होता. चहा उकळून उकळून आटला, तेव्हा भानावर आले. तोवर फटीत नुसता उजेड होता.

मला भीती तिची वाटली नाही. गुडरूनची कसली भीती, ती मांजरीचे कान साफ करतानासुद्धा "सॉरी" म्हणायची. भीती याची वाटली की मीच तिला तिथे उभी केलीय. मी म्हटलं आणि ती उभी राहिली. शिस्तीची बाई, सांगितल्याशिवाय आत यायची नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज साडेतीनलाच दार सताड उघडून ठेवलं. एवढी थंडी, घरातली सगळी ऊब जिन्यात. चार वाजता मामलेदार येऊन बसला. त्याची नजर जिन्यावरून हळूहळू वर आली, उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

"आत ये," मी म्हटलं. मराठीत म्हटलं, जर्मनमध्ये म्हटलं. "कॉम राइन." मग हात जोडून म्हटलं. मामलेदाराची नजर हलली नाही.

जिन्यावरून आले ते शॉयफेले. खाली राहतात, सत्तरी उलटलेली, घराचे नियम तोंडपाठ. म्हणाले, फ्राउ परचुरे, हीटिंगचं बिल सगळ्यांना मिळून येतं, आणि दार उघडं ठेवणं हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे इमारतीच्या नियमांत, बसत नाही. मी म्हटलं, तळणाचा वास जायला ठेवलंय. त्यांनी वास घेतला. तळण नव्हतंच. त्यांनी मामलेदाराकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं. त्यांनाही माहीत आहे गुरुवारी चारला कोण यायचं. आणि खाली गेले.

संध्याकाळी श्रीपाद आला. दारातून आत येताना थोडा तिरका होऊन आला, जसा कुणाला वाट देतोय. मी विचारलं, असा का आलास? म्हणाला, "कसा आलो?" त्याला खरंच कळलं नव्हतं.

५ मार्च, बुधवार

मामलेदाराने दोन दिवस काही खाल्लं नाही. लिव्हरवुर्स्ट नाकाशी धरलं तरी नाही. मी शाकाहारी बाई, ते काळजाचं सॉसेज हातात धरायला गुडरूनने मला लावलं होतं. आज दवाखान्यात नेलं. तोच जिना, तोच बाक, भिंतीवर तीच गाईंची कॅलेंडरं. नवा डॉक्टर तरुण आहे, हळू बोलतो, फार हळू. रक्त काढलं. मूत्रपिंडं जवळजवळ संपलीत म्हणाला. सलाइन देऊन बघू, पण.

'पण'च्या पुढे मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, सलाइन द्या.

इर्मगार्ड काउंटरमागे होती. मला बघून उठली. "फ्राउ परचुरे, मला तुमच्याशी बोलायचंय," म्हणाली. मी म्हटलं, गाडी चुकीच्या जागी लावलीय, दंड लागेल. गाडी आणलीच नव्हती. कुत्रा उचलून चालत निघाले ते थेट तलावापर्यंत, आणि तिथे बाकावर बसून माझेच हात बघत राहिले. भ्यायले मी, दुसरं काय.

१२ मार्च, बुधवार

सलाइन रोज. मामलेदार हाडाचा सापळा झालाय. सतरंजीवर ओकतो आणि ओकून झालं की माझ्याकडे बघतो, आता ओरडेल म्हणून. मी ओरडत नाही. मऊ आवाजात "असू दे राजा, असू दे" म्हणते. मग तो अंग चोरून पलंगाखाली जातो. तिथून बाहेर यायला तयार नसतो. त्याला काय होतंय ते कळत नाही. जवळ घ्यावं तर दूर पळतो.

शरदात गुडरूनचंही काहीतरी असंच चाललं होतं. दोन थालीपीठं वाढली तर एकच खायची, दुसरं टेबलाखालून मामलेदाराला. मी एकदा पकडलं तिला. म्हटलं, साठीत डाएट करतेस काय, लाज नाही वाटत? माझी भाजणी पुण्याहून येते, ती कुत्र्याला घालायला नाही. ती एवढी हसली, एवढी हसली की तिला पोट धरून बसावं लागलं. बराच वेळ तशीच बसून होती. मग म्हणाली, अजून रागाव. मला वाटलं, चेष्टा करतेय.

१६ मार्च, रविवार

शॉयफेले वर आले होते. हातात लाकडाची पाचर. म्हणाले, दार उघडं ठेवायचंच असेल तर ही लावा, वाऱ्याने आपटून काच फुटायची. मी त्यांना चहाला बसवलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बसले.

त्यांच्या मांजरीला, मिमीला, गुडरूनने घरी येऊन शेवटची सुई दिली तेव्हा मी तिथे होते. गुडरून पांढरा कोट घालून कधी जायची नाही, जनावरं कोट ओळखतात म्हणायची. त्यांच्या गालिच्यावर फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आता बोला. रोजचं बोला. घरात रोज जसा आवाज असतो तसा असू दे. आवाज बदलला की त्यांना कळतं काहीतरी वाईट आहे, मग घाबरतात." आता शॉयफेले काय बोलणार, एकटा माणूस. त्यांनी मिमीला गाडीच्या टायरांबद्दल सांगितलं. हिवाळी टायर ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत, लोक घाई करतात, मार्चमध्येच काढतात, मग एप्रिलात बर्फ पडला की घसरतात. ते सांगत राहिले आणि ती मांजर त्यांच्या मांडीवर गेली.

आज चहा पिताना म्हणाले, "मी अजून टायर बदलले नाहीत." मी म्हटलं, बदलू नका. मग दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

२० मार्च, गुरुवार

दाराला पाचर लावली. चार वाजले. मामलेदार उठला, दोन पावलं टाकली आणि पॅसेजमध्येच बसला. दारापर्यंत जाववलं नाही. तिथूनच मान वर करून बघत राहिला. मीही बघत राहिले. उंबऱ्यापलीकडे ती आणि अलीकडे तो, मध्ये मी बोललेले शब्द.

मी खाली बसले आणि रडले. पहिल्यांदा. दफनाच्या दिवशी आलं नव्हतं ते सगळं आलं. गुडरून, मला काय माहीत होतं गं. तू सांगितलं असतंस तर मी असं बोलले असते का? तुझ्यापाशी बसले असते, पाय चेपले असते, मऊ भात घेऊन आले असते रोज. कधी आवाज चढवला नसता. एवढी मैत्री, आणि मला तेवढं करू दिलं नाहीस.

श्रीपाद ऑफिसातून लवकर आला. माझ्याजवळ फरशीवर बसला, मामलेदाराच्या बरगड्यांवरून हात फिरवला. म्हणाला, "शुभा, तू याला कुणासाठी थांबवलंयस?"

मी म्हटलं, त्याला ती दिसते. तो गेला की कोण सांगणार मला, ती अजून उभी आहे की गेली?

श्रीपाद हसला नाही. हसला असता तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. म्हणाला, "ते इर्मगार्डला विचार. याला नको."

२४ मार्च, सोमवार

फोन केला. डॉक्टर गुरुवारी घरी येतील, मामलेदाराला शेवटची सुई द्यायला. गुरुवार मी मागितला नव्हता, त्यांनाच तेवढा मोकळा होता. इर्मगार्ड म्हणाली, मीही येते. मी "हो, हो" म्हटलं आणि तिने पुढे काही बोलायच्या आत फोन ठेवला.

२८ मार्च, शुक्रवार

काल काही लिहिता आलं नाही. आज लिहिते.

चारच्या सुमाराला पायपुसण्यावर बूट घासल्याचा आवाज आला. या वेळी माणसंच होती, डॉक्टर आणि इर्मगार्ड. मामलेदार उठला नाही, सतरंजीवर पडून होता. डॉक्टरने कोट घातला नव्हता. इर्मगार्डने सांगितलं असणार.

ते आपलं सामान काढत होते तेव्हा इर्मगार्ड माझ्यापाशी आली. पळायला आता जागा नव्हती. मीच म्हटलं, "तो मेसेज तिने ऐकला का?"

"मीच लावला," ती म्हणाली. "तिला फोन हातात धरवत नव्हता तेव्हा. तुमचा आवाज खोलीभर झाला, फार मोठा, मला वाटलं हिला त्रास होईल. विचारलं, आवाज कमी करू का. तर नको म्हणाली. पुन्हा लाव म्हणाली. शनिवारभर, आणि रविवारी सकाळीसुद्धा लावत होते मी."

"मी तिला चांगलं काही बोलले नव्हते," मी म्हटलं. "मी म्हटलं होतं, आलीस तर दारातच उभी करीन, आत घेणार नाही."

इर्मगार्ड माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा एकदम सैल पडला. "गेनाऊ. अगदी तेच म्हणाली ती. शुभा चिडलीय, म्हणाली, मी तिच्याकडे गेले नाही म्हणून चिडलीय. खूश होती. म्हणाली, कळलं तेव्हापासून सगळे माझ्याशी हळू बोलायला लागलेत. तू हळू बोलतेस, डॉक्टर हळू बोलतात, माझा भाऊ तर कुजबुजतो. ही एकटी अजून ओरडते माझ्यावर. म्हणून तर हिला सांगितलं नाही मी. हेच मला तुम्हाला सांगायचं होतं, केव्हापासून."

श्रीपादने माझा दंड धरला आणि मला सतरंजीपाशी बसवलं.

डॉक्टरने सुई टोचली, ती नुसती झोपेची होती. म्हणाला, आता थोडा वेळ आहे, तुम्ही बोला त्याच्याशी. मी मामलेदाराचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हटलं, "माझं सोनं ते, माझा राजा..." मऊ, अगदी मऊ आवाजात. त्याने डोकं उचललं. एवढी गुंगी चढत होती तरी उचललं, कान ताठ केले, आणि श्रीपादकडे बघायला लागला, ही कोण बाई म्हणून. अंग थरथरायला लागलं त्याचं.

तेव्हा मी आवाज चढवला. "गप पड रे. मोठा आला बघणारा. त्या सोफ्याचा कोपरा कुणी खाल्ला? तुझा बाप शिवून देणार आहे तो? श्रीपादच्या चपला कुठे दडवल्यास सांग आधी. डाव्या पायाची अजून सापडली नाहीय. आणि ते पलंगाखाली जाऊन बसणं, तिथली धूळ सगळी पोटाला लावून आणायची आणि माझ्या धुतल्या चादरीवर लोळायचं, शोभतं का या वयात? चौदा वर्षं सांगतेय, पाय पुसल्याशिवाय स्वयंपाकघरात यायचं नाही. कोण ऐकतं शुभाचं? तू ऐकत नाहीस, हा माणूस ऐकत नाही, आणि ती तर..."

त्याचं डोकं खाली आलं. पूर्ण वजन मांडीवर. शेपूट एकदा फरशीवर आपटलं, सावकाश, जसं मी ओरडले की नेहमी आपटायचा तसं.

"...ती तर तुझ्याहून वरताण. दोघांनी मिळून माझी भाजणी संपवलीत. टेबलाखाली काय चालायचं ते मला काय कळत नव्हतं?" मी बोलत होते. डॉक्टरने दुसरी सुई दिली. मी बोलत होते. त्याने छातीवर नळी लावून ऐकलं, नळी काढली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी भाजणीच्या भावावर आले होते, ती आणणाऱ्यांच्या नखऱ्यांवर आले होते, खालच्या पायऱ्या पुसायची पाळी कुणाची त्यावर आले होते. श्रीपादने मला थांबवलं नाही. इर्मगार्डला एक अक्षर कळत नव्हतं. ती डोळे पुसत आणखी पुढे सरकून बसली.